मोतीच्या हिरड्या पांढऱ्या का पडल्या?

प्रश्न : आमचा मोती पाच वर्षांचा, गावठी. चार दिवस जेवणाकडे बघत नाही, बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नुसता पडून असतो. काल एका नाकपुडीतून रक्त आलं. कानात गोचिडी खूप आहेत. शेजारच्या वहिनी म्हणतात, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दे आणि गोचिडींना रॉकेल लाव. आमच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीमुळे होणारा माकडताप आला होता, म्हणून मुलं त्याला शिवायला भितात. घरात मांजरही आहे. काय करू?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, ही गोष्ट अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून पत्र वाचल्यावर लगेच तुम्हाला फोन केला होता. मोती आता उभा राहतोय, पेज खातोय, हे ऐकून फार बरं वाटलं. तरी सगळं इथे लिहिते, कारण असे मोती घरोघरी आहेत.

फोनवर पहिलं विचारलं ते घरात उंदराचं औषध ठेवलंय का. त्यानेही नाकातून रक्त येतं. दुसरं, ओठ वर करून हिरडी बघा म्हटलं. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की दोनेक सेकंदांत रंग परततो. गावठी कुत्र्यांची हिरडी पुष्कळदा काळीच असते, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. मोतीच्या हिरडीचा रंग पांढुरका होता. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं. दवाखान्यात त्याला 104 निघाला.

हा गोचीडताप. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात गेला की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येतं. बॅबेसिया हा दुसरा जंतू असेल तर तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी चहासारखी होते. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून रक्ततपासणीशिवाय औषध सुरू करू नये. मोतीला एर्लिकिया निघाला. त्याच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण 28 दिवस चालतात. तो आठव्या दिवशी शेपूट हलवू लागेल, तेव्हा गोळ्या थांबवू नका. गोळी रिकाम्या पोटी न देता जेवणासोबत द्या, वर पाणी पाजा; घशात अडकली तर अन्ननलिका पोळते.

पॅरासिटामॉल दिलं नाहीत, फार चांगलं केलंत. कुत्र्याच्या यकृताला ते झेपत नाही आणि मांजर तर 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीने दगावू शकतं. रॉकेलने कातडी भाजते. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये.

आता भिंत. तुमचं घर चिऱ्यांचं, गिलावा न केलेलं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरते, भिंतीवर चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यात हजारो अंडी घालते. माझ्याही बाल्कांवातल्या बसायच्या सोप्यामागे मला ती सापडली आहेत. नुसता कुत्रा धुतलात तर पंधरवड्यात पुन्हा तेच. सांधे बुजवा, मोतीची गोणपाटं उकळत्या पाण्यात घाला. डॉक्टरांना विचारून महिन्याची गोचीडनाशक गोळी सुरू करा. फवारा आणाल तर त्यात परमेथ्रिन नाही ना ते बघा. मांजराला ते विष आहे.

मुलांना सांगा, मोतीला कुरवाळल्याने माकडताप होत नाही. 2015 पासून सत्तरीत आढळलेला तो आजार पसरवते ती मुख्यतः रानातली गोचीड, घरातली ही नव्हे. मात्र काजूच्या दिवसांत मोती तुमच्यामागून रानात जात असेल तर तिथली गोचीड अंगावर आणू शकतो. परतल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली तपासा, आणि तुमचंही अंग बघा.

प्रश्न : आमचा बोका कालपासून सारखा कोपऱ्यात जाऊन कुंथतो, ओरडतो. बद्धकोष्ठ असेल म्हणून एरंडेल देऊ का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : काका, एरंडेल नको. बोके असे कुंथतात तेव्हा बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खड्याने किंवा चिकट गाळाने बंद होते. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटेल. लघवी पूर्ण तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. तुमचा फोन नंबर पत्रात नव्हता, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलंय. कुणाच्याही घरी बोका असा बसलेला दिसला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच घेऊन निघा.