एकोणिसाव्या वर्षी मतदार जातो कुठे?

प्रिय मित्रा,

जपानी तरुणांच्या मतदानावरच्या तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. ‘जपानी तरुणांना राजकारणात रस नाही’ हे पहिल्याच पानावरचं वाक्य तूर्त खोड. निष्कर्षात आलं तर बघू.

आधी आकडे नीट लाव. कनिष्ठ आणि वरिष्ठ सभागृहाची मतदानाची टक्केवारी एका रांगेत मांडू नकोस. कनिष्ठ सभागृहात 1958 ला 76.99 टक्के मतदान झालं, 1990 ला 73.31, 2014 ला 52.66 (हा नीचांक), 2024 ला 53.85. त्यात वरिष्ठ सभागृहाचं 1995 चं 44.52 घुसलं की सगळा आलेख बिघडतो. आणि घसरण सरळ नाही. 2009 ला सत्तापालट होणार अशी हवा होती, तेव्हा 69.28 टक्के लोक बाहेर पडले. तीनच वर्षांत आकडा 59.32 वर आला. चुरस हा घटक वगळून नुसतं वय मोजशील तर फसशील.

आता वय. 2016 ला मतदानाचं वय 20 वरून 18 वर आलं. त्या जुलैच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 18 वर्षांच्यांपैकी 51.28 टक्क्यांनी मत दिलं, 19 वर्षांच्यांपैकी 42.30. (दोन्ही गटांचा मिळून 45.45 हा आकडाही सापडेल. तो निवडक केंद्रांच्या नमुन्यातला. पूर्ण मोजणीचा 46.78 घे.) एका वर्षात रस इतका आटतो? नाही, मुलं घर सोडतात.

जपानात मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागत नाही. ‘जूमिनह्यो’ म्हणजे रहिवास नोंद, तिच्यावरून यादी बनते. पण त्या गावात सलग तीन महिने नोंद हवी. कॉलेजं एप्रिलमध्ये सुरू होतात. 2016 ची अधिसूचना 22 जूनला निघाली. म्हणजे मार्चअखेरीस नोंद हलवणारी शहाणी मुलंही नव्या शहराच्या यादीत नव्हती. कित्येक जण तर नोंद हलवतच नाहीत. साताऱ्याच्या यादीत नाव आणि पुण्यात नोकरी, तसंच हे.

अशा मुलाला मत देता येतं, पण खटाटोप बघ. मूळ गावच्या निवडणूक कार्यालयाकडे अर्ज करायचा. टपालानं मतपत्रिका येते, सोबत प्रमाणपत्राचं बंद पाकीट. ते फोडायचं नाही. घरी मतपत्रिका भरायची नाही. सगळं तसंच्या तसं राहत्या शहराच्या निवडणूक कार्यालयात न्यायचं, तिथेच मत लिहायचं, मग ते टपालानं परत मूळ गावी. मतदान संपायच्या आत पोचलं नाही तर फुकट. कनिष्ठ सभागृहाच्या अधिसूचनेपासून मतदानापर्यंत हातात असतात 12 दिवस.

मुदतपूर्व मतदानाचा आकडा बघून हुरळू नकोस. 2025 ला वरिष्ठ सभागृहासाठी सुमारे 2 कोटी 62 लाख लोकांनी असं मत दिलं. त्यातले पुष्कळ जण मतदानाच्या दिवशी, रविवारीही आलेच असते. नवे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

प्रश्नावलीत एक बदल कर. ‘मत दिलंस का?’ला लोक भिडेखातर ‘हो’ म्हणून मोकळे होतात. त्याआधी विचार: तुझी जूमिनह्यो कुठल्या गावात आहे?