यादीच नसेल तर मागणार काय?

प्रश्न : पुण्यात आमची छोटी संशोधन संस्था (खासगी कंपनी) आहे. दिल्लीत निर्वासितांसाठी चालणाऱ्या एका संरक्षण कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचे काम परदेशी देणगीदाराने आम्हाला दिले आहे. विकासपुरीत म्यानमारचे चिन, लाजपत नगर-भोगल भागात अफगाण आणि कालिंदी कुंजजवळ रोहिंग्या अशा ६०० मुलाखती घ्यायच्या आहेत. ४५ दिवसांसाठी १२ मुलाखतकार हवेत. भाषेची अडचण म्हणून निर्वासित तरुणांनाच घ्यावे, दर मुलाखतीमागे रोख मानधन द्यावे, असे वाटते. ‘तुमची माहिती कोणालाही दिली जाणार नाही’ असे संमतिपत्रात लिहा, असा देणगीदाराचा आग्रह आहे. पोलिसांनी यादी मागितली तर?

उत्तर : तुम्हाला मानधनाची काळजी लागली आहे, मला संमतिपत्रातल्या त्या एका वाक्याची. ते आधी काढा. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे. संशोधक आणि उत्तरदाता यांच्यातल्या बोलण्याला नाही. पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढला, तर तुमच्या देणगीदाराची गोपनीयता नियमावली तिथे कामाची नाही.

आणि तुमचे उत्तरदाते कोण आहेत ते पाहा. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. आपल्या कायद्याच्या लेखी ही माणसे फक्त परदेशी नागरिक. घटनेचे कलम २१ त्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले. पण जम्मूतल्या रोहिंग्यांना २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. रीतसर प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नका, एवढेच म्हटले. अशा माणसांची नावे, फोन नंबर आणि झोपडीचे ठिकाण एका फाइलीत असणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

म्हणून नाव लिहूनच घेऊ नका. टॅबवरचे सर्वेक्षणाचे ॲप जीपीएस आणि आवाज नोंदवत असेल तर दोन्ही बंद करा. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. फेरतपासणीसाठी पर्यवेक्षकाला नंबर लागतातच. ते सांकेतिक क्रमांकासह वेगळ्या वहीत, एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि फेरतपासणी संपली की नष्ट करा. नष्ट करण्याची तारीख काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा. नोटीस आल्यावर कागद फाडला तर तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होतो. संमतिपत्रात मग खरे तेच लिहिता येईल : ‘आम्ही तुमचे नाव लिहून घेत नाही.’

पोलिसांनी गल्लीत तोंडी विचारले, तर मुलाखतकाराने ओळखपत्र दाखवावे, संस्थेचा नंबर द्यावा, वाद घालू नये. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर लेखी नोटीस लागते, आणि महिलेला तिच्या राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही (त्याच संहितेचे कलम १७९). प्रशिक्षणात हे पाठ करून घ्या.

आता निर्वासित मुलाखतकार. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेल्यांना खासगी नोकरी करता येते. तो व्हिसा प्रत्यक्ष पाहून, प्रत ठेवून मगच नेमा. व्हिसा नसलेल्याला नेमाल, तर १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आधी त्याच्या मानेवर बसेल, मग साहाय्य केले म्हणून तुमच्या. वैध कागदाशिवाय देशात शिरल्याची शिक्षाच पाच वर्षांपर्यंत आहे. माझे मत विचाराल तर रोहिंग्या तरुणाला पगारावर घेण्याचा धोका पत्करू नका. त्यांच्यातले बरेच जण हिंदी-उर्दू बोलतात, तेव्हा स्थानिक भारतीय मुलाखतकार चालेल. अफगाणांच्या दरी भाषेसाठी रुग्णालयांत दुभाष्याचे काम करणारी मंडळी दिल्लीत मिळतील. शिवाय, वस्तीच्या म्होरक्याविरुद्धची तक्रार त्याच वस्तीतल्या मुलापुढे कोण सांगेल?

‘मानधन’ म्हटले म्हणून ते वेतन व्हायचे थांबत नाही. वेळ, जागा आणि पद्धत तुम्ही ठरवत असाल, तर ते कर्मचारीच. मुदतीचे नियुक्तिपत्र द्या, पैसे बँकेतून द्या. किमान वेतन दिल्लीचे धरा, महाराष्ट्राचे नव्हे. मुलाखतीमागे दर ठेवता येतो, पण दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. आणि त्या दराने चहाच्या टपरीवर बसून भरलेले फॉर्म येतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. ‘देणगीदाराचा शेवटचा हप्ता आला की देऊ’ हे चालणार नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो.

दहा किंवा अधिक कर्मचारी असले, की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तुमचे तर नुसते मुलाखतकारच बारा. कामानिमित्त जावे लागणारी गल्लीही कायद्याने ‘कामाची जागा’च.

तुम्ही कंपनी आहात, त्यामुळे व्यवसायातली नेहमीची फी परकीय देणग्यांच्या कायद्याखाली सहसा ‘देणगी’त मोडत नाही. तरी करारनामा सीएंना दाखवा. आणि देणगीदाराला अहवालासोबत कच्चा डेटाही हवा आहे का, हे सहीपूर्वी विचारा. तसे कलम असेल, तर वर सांगितलेली वही त्यातून स्पष्ट शब्दांत वगळून घ्या.