गर्भ टिकावा म्हणून व्हिटॅमिन घ्यायची, तर कोणती, किती आणि कधीपासून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठव्या आठवड्यात एकदा गर्भपात झाला, आता तीनेक महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करायचा आहे. मेडिकलवाल्याने 'ई'च्या कॅप्सूल दिल्यात, नणंद म्हणते कॉड लिव्हर ऑईल घे (तुम्ही शाकाहारी, पण 'औषध म्हणून चालतं'), आणि घरात फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप पडून आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय की पीसीओडीसाठी (अंडाशयाचा विकार) मेटफॉर्मिन ही मधुमेहातही देतात ती गोळी चालू आहे. माझ्या मते अख्ख्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्यावर येतोच.

आधी कटू भाग. पहिल्या तीन महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गुणसूत्रांच्या संख्येत चूक झाल्यामुळे होतात. ती चूक गर्भ धरतानाच झालेली असते आणि कुठलीही गोळी ती दुरुस्त करत नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ साली पाहणी झाली, तिचा निष्कर्षही हाच होता: व्हिटॅमिनमुळे गर्भपात कमी होत नाहीत. मात्र लोह आणि फॉलिक ॲसिडसोबत मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर मृतजन्म थोडे कमी झालेले दिसले. म्हणजे 'गर्भ धरून ठेवणारं' व्हिटॅमिन नाही. गर्भाची घडण नीट व्हायला आणि शेवटच्या महिन्यांत तो तगायला मात्र त्यांची मदत होते. तेव्हा मागचा गर्भपात 'गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून' झाला, असं कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

'ई'ची ख्याती आली उंदरांवरून. १९२२ साली कॅलिफोर्नियात एव्हान्स आणि बिशप यांनी उंदरांच्या माद्यांना ठरावीक कृत्रिम आहार दिला. त्या गाभण राहायच्या, पण पिल्लं पोटातच मरून विरघळून जायची. आहारात हिरवा पाला घातला की पिल्लं जगायची. त्या घटकाला पुढे टोकोफेरॉल हे नावच ग्रीकमधल्या 'बाळंतपण' या अर्थाच्या शब्दावरून पडलं. पण रोजच्या जेवणात शेंगदाणे आणि तेल असलेल्या बाईला 'ई'ची कमतरता सहसा नसतेच. उलट २००६ साली ब्रिटनमध्ये जोखमीच्या गर्भवतींना रोज १००० मिलिग्रॅम 'सी' आणि ४०० युनिट 'ई' देऊन पाहिलं, तर बीपीचा त्रास टळला नाही आणि कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. त्या कॅप्सूल परत करा.

आता फॉलिक ॲसिड. इथे डोसइतकीच वेळ महत्त्वाची. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळीच्या हिशेबाने सहाव्या आठवड्यात. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, टेस्ट केली, डॉक्टरची वेळ मिळाली, की हा मुहूर्त टळलेला असतो. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू बनत नाहीत आणि ते बाळ जगत नाही. १९९१ साली सात देशांतल्या चाचणीत, आधी नळीचा दोष असलेलं बाळ झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

पण हे ४ किंवा ५ मिलिग्रॅम सगळ्यांसाठी नाही. आधीच्या बाळात किंवा आई-वडिलांपैकी कुणात असा दोष असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, तर डॉक्टर ५ लिहितात. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरे, म्हणजे तुमच्या स्ट्रिपमधल्या गोळीच्या साडेबारावा हिस्सा. दुकानात नुसतं 'फॉलिक ॲसिड द्या' म्हटलं की बहुधा ५ चीच हातात पडते, म्हणून मात्रा बोलून मागा. रक्तपेशींत पुरेसा साठा व्हायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा सुरुवात आत्ताच करायची. नुसत्या पालकावर भागत नाही. अन्नातलं फोलेट जेमतेम निम्मं अंगी लागतं, आणि भाजी उकळून पाणी ओतलं की त्यातलंही जातं.

(फॉलिक ॲसिडची गोष्ट मुंबईत सुरू झाली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९२८ पासून ल्युसी विल्स या डॉक्टर मुंबईत कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. १९३१ मध्ये त्यांनी दाखवलं की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातला घटक म्हणजे हेच फोलेट. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं.)

आता मेटफॉर्मिन. ते बी-१२ नीट शोषू देत नाही, आणि शाकाहारी माणसाचं बी-१२ मुळातच दुधा-दह्यावर तगलेलं असतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा जो अभ्यास झाला, त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. शिवाय फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून ५ ची गोळी स्वतःच्या मनाने नको.

बी-१२ ची तपासणी गोळ्या सुरू करायच्या आधी करा. एकदा सुरू केल्या की आकडा फसवा येतो. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी देतील. मात्रा एवढी मोठी का, तर आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच ओढून घेतं, आणि त्यापलीकडचं जेमतेम एक टक्का झिरपतं. स्पिरुलिनाच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. त्यातलं बी-१२ बहुतांशी माणसाच्या कामाचं नसतं. मेटफॉर्मिन मात्र परस्पर बंद करू नका.

कॉड लिव्हर ऑईलमध्ये 'ए' तयार रेटिनॉलच्या रूपात असतं. चहाच्या एका चमच्यात साधारण साडेचार हजार युनिट, आणि गरोदरपणाची दिवसाची मर्यादा १० हजार. त्यावर 'ए' असलेली मल्टिव्हिटॅमिन आली की बेरीज कुठे जाते ते पाहा. सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त रेटिनॉलमुळे बाळाच्या चेहऱ्यात, हृदयात दोष येऊ शकतो. मांसाहारी मैत्रिणींना रोजची कलेजी याच कारणाने नको. गाजर, लाल भोपळा खुशाल खा. त्यातलं कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर तो वेगळाच धोका आहे: किमान महिनाभर आधी बंद, आणि डॉक्टरांना विचारूनच पुढे. व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडीही आठवड्याची असते. ती रोजची समजून घेतली जाते, हा नेहमीचा घोळ.

दिवस राहिल्यावर चौथ्या महिन्यापासून सरकारी केंद्रात लाल गोळी मिळेल: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, किमान १८० दिवस. ती आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र गिळल्या तर लोह वाया जातं. चहाबरोबर तर नकोच. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या.

पंधरा घटकांची मल्टिव्हिटॅमिन गोळी घ्यावी का? बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत लोह-फॉलिकच्या तुलनेत तिच्यामुळे मृतजन्म हजारी ४८ वरून ४३ वर आले. म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. जेवण बरं असेल तर अडून बसायचं कारण नाही. जेवणाबद्दल मुंबईच्या वस्त्यांमधला प्रयोग बोलका आहे. तिथे पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. बाळाचं वजन सरासरी सुमारे ४८ ग्रॅमने वाढलं, पण गर्भधारणेच्या तीन महिने तरी आधी ज्यांनी सुरुवात केली होती त्यांच्यातच.

आणखी एक. उपवासाला, किंवा 'नैसर्गिक' म्हणून रोजच, सैंधव वापरत असाल तर त्यात पुरेसं आयोडीन नसतं, आणि आयोडीनची तीव्र कमतरता मृतजन्माचं ओळखीचं कारण आहे. स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ ठेवा, आणि बी-१२ साठी रक्त द्यायला जाल तेव्हा त्याच नमुन्यात टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करून घ्या.