वाचकांचे प्रश्न : साथीची बातमी आणि घरातली खबरदारी

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्ता परिसरात राहतो. २०२५ च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे गुईलेन बॅरे सिंड्रोमच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या घरात चिकन, पनीर, बाहेरचे खाणे सगळे एकदम बंद झाले. सासूबाई भाजीला जाताना मास्क लावू लागल्या. पाणी मात्र आर.ओ.चे विकतचे असल्याने त्याबाबत आम्ही निर्धास्त होतो. पुढे बातम्या येईनाशा झाल्या आणि आमची पथ्येही सुटली. आम्ही नेमके कशाला घाबरलो होतो, आजाराला की बातम्यांना? अशा वेळी माध्यमांवर किती भिस्त ठेवावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हींना घाबरलात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साथ दारात येण्याआधी तिची बातमी घरात येते; त्यामुळे भीतीचा आकार बहुतेक वेळा बातमीच्या आकाराएवढा असतो. प्रश्न भीतीचा नसून त्या भीतीपोटी आपण काय करतो याचा आहे, आणि तुमच्या पत्रातली तीन उदाहरणे त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

मास्कचा जीबीएसशी काही संबंध नव्हता. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. एखादा संसर्ग, बरेचदा आतड्यांचा, होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाऊ लागते. एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्यालाच तो होतो. पुण्यात काही आठवड्यांत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, म्हणून ती गंभीर बातमी होती. पण वृत्तवाहिन्यांवर दिवसभर दिसत होते ते अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर आणि रुग्णवाहिका. ही दृश्ये आपण २०२० मध्ये पाहिली होती, आणि तेव्हाची खबरदारी हात आपोआप कपाटातून बाहेर काढतो. सासूबाईंनी बातमीतले शब्द ऐकले नाहीत असे नव्हे. चित्राने शब्दांवर मात केली.

पाण्याचे उलट झाले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही आढळला, आणि तुमच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले पाणी हाच संशयाचा मुख्य धागा ठरला. खाजगी आर.ओ. प्रकल्पांच्या आणि टँकरच्या पाण्याच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही नमुने दूषित निघाले आणि काही प्रकल्प बंदही करण्यात आले. म्हणजे ज्या एका बाबतीत तुम्ही निर्धास्त होतात, तिथेच शंका घ्यायला हवी होती. विकतच्या जारचे असो वा नळाचे, पाणी खळखळून उकळले की हा जिवाणू मरतो. ही माहिती छापली गेली होती, नाही असे नाही. पण रुग्णसंख्येच्या मथळ्याखाली चौकटीत बारीक टायपात छापलेला मजकूर कितीजण वाचतात?

चिकनबद्दलची भीती अर्धी बरोबर होती, आणि उरलेले अर्धे फारच थोड्या ठिकाणी सांगितले गेले. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो आणि नीट शिजवल्यावर टिकत नाही. धोका पातेल्यातल्या रश्श्यात कमी आणि सिंकपाशी जास्त असतो. आपल्याकडे कच्चे चिकन नळाखाली धरून चांगले चोळून धुतात. त्याचे तुषार शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर, भांड्यांवर, ओट्यावर उडतात. मग त्याच सुरीने, त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. चिकन शिजते, काकडी शिजत नाही. स्वच्छतेसाठी म्हणून केलेले धुणेच जिवाणू पसरवते हे मनाला पटायला अवघड आहे, पण म्हणूनच ते ठळकपणे सांगायला हवे होते. ‘चिकन टाळा’ हे दोन शब्द टीव्हीच्या पट्टीत बसतात, सिंकची गोष्ट बसत नाही.

माध्यमांचा परिणाम इथे नेमका दिसतो. ती आपल्याला जागे करतात; पण दाखवायला सोपी असलेली खबरदारी पुढे जाते आणि समजावून सांगावी लागणारी मागे राहते. पुण्यानेच हे आधी अनुभवले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि चार-दोन दिवसांत शहर मास्क, रुमाल आणि कापूर-वेलचीच्या पुरचुंड्यांनी भरून गेले. शाळा बंद झाल्या, मास्कचा काळाबाजार झाला. तो आजार श्वासावाटे पसरणारा होता, त्यामुळे नाकतोंड झाकण्यात अर्थ होता. कापराच्या वासात नव्हता. मात्र बातम्या पाहून धास्तावलेले, साधी सर्दी असलेले लोकही तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे खऱ्या रुग्णांच्या शेजारी रांगेत उभे राहिले. संसर्ग टाळण्याच्या धडपडीतला तो सर्वांत धोक्याचा भाग होता. सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या; त्या साथीत देशभरात नोंदले गेलेले मृत्यू ५६ होते.

भीती दाखवताना तिच्याबरोबर घरच्या घरी जमणारा उपाय दिला, तर माणूस तो उपाय करतो. नुसती भीती दिली, तर तो एक तर पळतो किंवा ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणून कानावर हात ठेवतो. आरोग्यविषयक संज्ञापनाच्या अभ्यासकांनी हे वारंवार मांडले आहे. या निकषावर २०२५ मध्ये स्थानिक वृत्तपत्रांच्या आतल्या पानांनी वृत्तवाहिन्यांपेक्षा चांगले काम केले, असे माझे मत आहे. विहिरी, टँकर, क्लोरीन यांचा पाठपुरावा वार्ताहरांनी केला नसता, तर पाण्याचा प्रश्न इतका चर्चेत आला नसता.

भिस्त किती ठेवावी, याचे उत्तर बातमीच्या प्रकारावर अवलंबून आहे. आजार आहे की नाही, कोणत्या भागात आहे, लक्षणे काय, यासाठी बातमीवर जरूर विसंबा. आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहा. रोज छापला जाणारा आकडा बहुधा साथ सुरू झाल्यापासूनचा एकूण असतो आणि एकूण आकडा कधीच घटत नाही. त्यामुळे साथ ओसरत असतानाही ‘रुग्णसंख्या वाढली’ हा मथळा खराच असतो. आज नवे किती, संशयित किती आणि निदान पक्के झालेले किती, हे शोधून वाचावे. बातमी कितीही लांब असली तरी तीत आजार कशातून पसरतो हे वाक्य सापडले नाही, तर तेवढ्या बातमीवर घरातले काहीही बंद करू नये. आणि बातमी थांबली म्हणून पाणी उकळणे थांबवण्याचे कारण नाही, कारण टँकर अजून तोच येत असेल.

प्रश्न : माझा ब्रॉयलर कोंबड्यांचा व्यवसाय आहे. कोणतीही साथ आली की बातम्यांत कोंबडीचे चित्र येते आणि आमचे भाव कोसळतात. अशा बातम्यांवर बंधन नको का?
— एक पोल्ट्रीचालक, नाशिक जिल्हा

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, मागणी मात्र पटत नाही. २०२० मध्ये चिकनमधून करोना होतो ही निव्वळ अफवा होती आणि तिने हजारो शेतकऱ्यांचे नुकसान केले. पण ती मुख्यतः मोबाइलवरच्या संदेशांतून पसरली. बातम्यांवर बंधन घातले असते, तर तिला खोडणारे कोणी उरले नसते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तो खरा होता, लाखो पक्षी मारावे लागले आणि ते लोकांना कळणे गरजेचेच होते. त्या वेळीही पूर्ण, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला, शिजवलेले मांस सुरक्षित होते. बातमीत हे वाक्य चित्राइतकेच ठळक हवे, असा आग्रह तुमच्या संघटनेने जरूर धरावा. शिवाय ग्राहकाचा विश्वास दुकानात मिळतो किंवा जातो. कच्चे चिकन वेगळ्या पिशवीत द्यावे, घरी नळाखाली धुऊ नये, मांसाचा गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवावे, असा फलक तुमच्याकडून माल घेणाऱ्या विक्रेत्यांना लावायला सांगा. आणि कापणाऱ्याने त्याच ओल्या हाताने सुट्टे पैसे देऊ नयेत, हेही.