जुनं जहाज जपायचं तर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : 'विक्रांत' संग्रहालय म्हणून का टिकली नाही?

१९९७ मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत लोकांना आतून बघता येत होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती बंद झाली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, तोडायला गेली. चालवायला कायमचा भागीदार मिळाला नाही, सरकारला खर्च परवडेना. हे नुकसान भरून न येणारं आहे. नौदलात असताना शेकडो हात रोज गंज खरवडत, रंग लावत असतात. संग्रहालय झालं की ते हात एकदम जातात, पाणी मात्र तेच राहतं.

प्रश्न : तरंगत्या पोलादी जहाजाचा पत्रा कुठे आधी जातो? कसं कळतं?

पाण्याच्या रेघेवर, साधारण अर्धा मीटर वर-खाली. तिथे पत्र्याला पाणीही मिळतं आणि हवाही. दुसरी जागा आत, तळाशी : पावसाचं पाणी झिरपून साठतं, फासळ्यांच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या) कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही आणि पत्रा आतूनच पातळ होतो. बाहेरून रंग झकास दिसत राहतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. चौकटी आखून अल्ट्रासोनिक गेजने (ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी सांगणाऱ्या यंत्राने) जाडी मोजा, त्याच बिंदूंवर दरवर्षी, आणि आकडे मूळ नकाशातल्या जाडीशी ताडून बघा.

तळाला अॅनोड, म्हणजे दुसऱ्या धातूचे ठोकळे, लावतात ते पोलादाऐवजी स्वतः झिजण्यासाठी. खाऱ्या पाण्यात जस्ताचे, खाडीच्या मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडशी (पाण्यात सोडायच्या, तुलनेसाठीच्या कांडीशी) मोजल्यावर पोलादाचा विद्युतदाब उणे ०.८० ते उणे १.०५ व्होल्टच्या दरम्यान हवा. त्याहून फार उणे गेला तर रंगच सुटायला लागतो. बुडालेल्या भागापलीकडे अॅनोडचा काही उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी चुकतं ते किनाऱ्यावरच्या विजेत : केबलच्या अर्थिंगमधून जहाज धक्क्याच्या लोखंडाशी जोडलं जातं आणि अॅनोड बघता बघता संपतात. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, म्हणजे वीज येते पण धातूची जोडणी तुटते.

सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं उभं करायची जागा, मात्र टळत नाही. अमेरिकेची युद्धनौका 'टेक्सस' १९८८ मध्ये गोदीत गेली, त्यानंतर थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात ती गळतीशी झगडत पंपांवर तगली.

प्रश्न : मग जहाज पाण्याबाहेरच काढलं तर?

गंज थांबत नाही. ब्रिस्टलमधलं १८४३ चं 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज १९७० पासून कोरड्या गोदीत आहे. पण लोखंडात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहिलं. शेवटी पाण्याच्या रेघेवर काचेचं छत घालून खालच्या हवेची आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर आणली. त्यापेक्षा दमट हवेत ते मीठ लोखंड खातच राहतं. कोकणच्या पावसाळ्यात एवढी कोरडी हवा राखायची म्हणजे विजेचं बिल आधी मांडा.

प्रश्न : लाकडी जहाज पावसाने कुजतं का? समुद्राने नाही?

हो, खारं पाणी बुरशी रोखतं, गोडं पाणी तिला वाढवतं. म्हणूनच जुने लोक फासळ्यांमधल्या पोकळीत मीठ भरत. (लाकूड पोखरणारा शिपवर्म मात्र खाऱ्या पाण्यातलाच, तो वेगळा शत्रू.) ओलावा मोजायचं मीटर २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर डेकच्या फटी तपासा. फटींतला जुना काथ्या काढा, नव्या काथ्याचा पीळ ठोका, वर डांबर ओता. पीळ फार दाबून ठोकला तर फळी फुगल्यावर खिळेच उपटते. आणि झडपा उघड्या ठेवा. कोंडलेली हवा पावसापेक्षा जास्त कुजवते.

सागाचं महत्त्व इथे कळतं. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी मुंबई गोदीत मलबारी सागातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सागातलं तेल लोखंडी खिळ्यांना सांभाळतं, ओकमधलं आम्ल त्यांना खातं.

प्रश्न : आमच्या गावाला निवृत्त नौका हवी आहे. सुरुवात कुठून?

पत्र्याची जाडी आणि अॅस्बेस्टॉस, या दोन तपासण्यांपासून. जुन्या नौकांच्या वाफेच्या नळ्यांभोवती अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असतं आणि रंगाच्या खालच्या थरात रेड लेड (विषारी शिशाचा रंग). माणसं आत सोडण्याआधी दोन्हींचा बंदोबस्त हवा. सुक्या गोदीच्या पहिल्या फेरीचे पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय नौका ओढून आणायची तारीख ठरवू नका.