अमेरिकेतील पदवी प्रवेश आणि आर्थिक मदत

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. आमचे वार्षिक उत्पन्न 9 लाख. मदतीसाठी फाफ्सा भरायचा का?

उत्तर : नाही. फाफ्सा अमेरिकी सरकारी मदतीचा अर्ज आहे. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना ती मिळत नाही. अनेक खासगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) मागतात. त्यात चलन रुपयाच निवडा. चुकून डॉलर राहिले, तर तुमचे 9 लाख डॉलर होतात आणि मदतीचा प्रश्नच मिटतो! आयकर विवरणपत्र, फॉर्म 16 आधीच काढून ठेवा.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट येथे मदत मागितल्याने प्रवेशाची संधी घटत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी घटते. तरीही गरज लपवू नका. प्रवेशावेळी न मागितलेली मदत पुढे अनेक कॉलेजे देतच नाहीत, आणि आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देते ते प्रमाणपत्र) साठी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावाच लागतो.