किमान रक्कम वेळेवर भरली, तरी व्याज का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. आजोबांनी माझ्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीच्या तारणावर बँकेने मला २५,००० रुपये मर्यादेचे क्रेडिट कार्ड दिले. २० जुलैला मी त्यावर १८,००० रुपयांचा मोबाइल घेतला. १५ ऑगस्टच्या बिलात किमान देय रक्कम ९०० रुपये होती आणि ती मी ५ सप्टेंबरला, म्हणजे शेवटच्या तारखेला, भरली. ८ सप्टेंबरला २,००० रुपयांची पुस्तके घेतली. १५ सप्टेंबरच्या बिलात मात्र एकूण येणे २०,५०० रुपये दाखवले असून पुस्तकांवरही व्याज लावले आहे. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे. बँकेची काही चूक झाली आहे का? माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारे गुण, बिघडला असेल का? घरी अजून सांगितलेले नाही.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बँकेचा हिशेब बरोबर दिसतो, आणि तुमचा समज चुकला आहे तो 'किमान देय रक्कम' या शब्दांपाशी. ही रक्कम भरली म्हणजे बिल फिटले, असे बहुतेक नव्या कार्डधारकांना वाटते. प्रत्यक्षात ती भरल्याने तुम्ही थकबाकीदार ठरत नाही आणि विलंब शुल्क लागत नाही, एवढेच होते. बिनव्याजी मुदत मिळते ती बिलातील संपूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत भरणाऱ्याला. एक रुपयाही मागे राहिला की ती सवलत जाते आणि बहुतेक बँकांच्या नियमांप्रमाणे व्याजाची मोजणी बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर थेट खरेदीच्या दिवसापासून सुरू होते.

तुमचाच हिशेब मांडून पाहू. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २० जुलै ते ५ सप्टेंबर या ४७ दिवसांसाठी १८,००० रुपयांवर सुमारे ९७३ रुपये व्याज झाले. ९०० रुपये भरल्यानंतर उरलेल्या १७,१०० रुपयांवर पुढच्या १० दिवसांत सुमारे १९७ रुपये झाले. मागची बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणून पुस्तकांच्या २,००० रुपयांवर ७ दिवसांचे १६ रुपये लागले. या १,१८६ रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की जवळजवळ १,४०० रुपये होतात. म्हणजे तुम्ही ९०० रुपये भरलेत आणि त्याच बिलात १,४०० रुपये नव्याने चढले. पुढील बिलाची किमान रक्कमही त्यामुळे वाढलेली दिसेल, कारण व्याज व कर त्यात धरावे लागतात. ती २,३५० रुपयांच्या घरात असेल, तर त्यातील १,४०० रुपये मोबाइलच्या किमतीतून एक पैसाही कमी करणार नाहीत.

एवढा व्याजदर कायद्याला मान्य आहे का, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, म्हणजे ती मर्यादा आता राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी मात्र एक बंधन घातले आहे : केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, असा इशारा प्रत्येक बिलावर छापला पाहिजे. तुमच्या बिलावरही तो असेल. तो ठळक अक्षरांत, किमान रकमेच्या अगदी शेजारी असायला हवा, असे मला फार वाटते, कारण आपली नजर आधी लहान आकड्यावरच जाते.

आता करायचे काय ते पाहू. सर्वांत आधी या कार्डावरची खरेदी पूर्ण थांबवा, कारण बाकी आहे तोवर मेसचे दोनशे रुपयेही पहिल्या दिवसापासून व्याजाने घेतल्यासारखे होतील. दुसरे म्हणजे देय तारखेची वाट पाहू नका. व्याज रोज मोजले जाते, त्यामुळे हाती आलेले दोन-तीन हजार आज भरले तर आजपासूनच ते कमी होते. उरलेली बाकी मासिक हप्त्यांत वळवून मिळेल का, हे बँकेला विचारा; हप्त्यांचा दर बहुधा कार्डाच्या दरापेक्षा कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि करासह एकूण किती भरावे लागेल तो आकडा लेखी घ्या आणि मगच होकार द्या. कार्डावरून एटीएममधून रोख काढून हे बिल भरण्याचा मोह मात्र टाळा. रोख रकमेला बिनव्याजी मुदत मुळीच नसते, शिवाय तिचे वेगळे शुल्क लागते. संपूर्ण बाकी भरल्यानंतरच्या बिलातही थोडे व्याज दिसले तर घाबरू नका. ते व्याज आधीचे बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे असते. तेही पूर्ण भरा, म्हणजे बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होईल.

माझ्या मते हे सगळे करण्याआधी घरी सांगावे. आई-वडिलांकडून वीस हजार रुपये घेऊन ते दरमहा थोडे थोडे परत करण्यात कमीपणा नाही आणि त्यावर ४२ टक्के व्याजही नाही. शिवाय कार्ड आजोबांच्या ठेवीवर आहे. बाकी थकली तर बँक त्या ठेवीतून वसुली करू शकते, आणि ही गोष्ट घरच्यांना बँकेच्या पत्रातून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी.

स्कोअरविषयी तुमची काळजी थोडी कमी करता येईल. तुम्ही किमान रक्कम वेळेत भरली असल्याने उशिराची नोंद झालेली नसणार. नियमही असा आहे की देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याखेरीज बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही किंवा खाते थकीत असल्याचे पत माहिती कंपन्यांना कळवता येत नाही. तुमच्या बाबतीत खटकेल ती मर्यादेच्या मानाने झालेली उचल. २५,००० पैकी २०,५०० रुपये म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक मर्यादा वापरली गेली आहे. एवढी उचल कायम राहिली तर स्कोअर खाली येतो. ती एकतृतीयांशाच्या आत ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात चुकीची नोंद आढळली तर तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या महिन्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी कोल्हापूरला जात आहे. तिला माझ्या कार्डावरचे पुरवणी कार्ड द्यावे, की तिच्या नावे ठेव ठेवून स्वतंत्र कार्ड घ्यावे? तिच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे.
— एक पालक, सोलापूर

उत्तर : पुरवणी कार्डावरच्या खर्चाची सगळी जबाबदारी तुमची राहते आणि तो तुमच्याच बिलात येतो, त्यामुळे तिला व्यवहार शिकता येतो, पण तिच्या नावावर पत सहसा तयार होत नाही. पहिल्या वर्षभरासाठी मी तरी हाच मार्ग सुचवीन, कारण बिल तुम्हा दोघांना एकत्र बसून वाचता येईल. नंतर १५-२० हजारांच्या ठेवीवर तिच्या नावाचे कार्ड घ्या. नको वाटले तर ते बंद करणेही सोपे आहे : बाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक असून त्यापुढे बँकेने दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो.

मात्र तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर आणि तुम्ही सहकर्जदार असाल, तर तिचा पतइतिहास आधीच सुरू झाला आहे आणि तो तुम्हा दोघांच्याही अहवालात दिसत असणार. अभ्यासक्रमाच्या काळात हप्ते सुरू नसले तरी व्याज चढत असते. पुढे एखादा हप्ता चुकला तर दोघांच्याही नावावर नोंद होईल. तिला कार्डाचे नियम समजावताना या कर्जाची कागदपत्रेही तिच्यासमोर उघडून ठेवा.

प्रश्न : सणाच्या सवलतीसाठी मित्र माझे कार्ड मागतो आणि पैसे लगेच देईन म्हणतो. द्यावे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : देऊ नये. बँकेच्या दृष्टीने ती खरेदी तुमची असते आणि मित्राचे पैसे उशिरा आले तरी देय तारीख तुमच्यासाठी थांबत नाही. कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त अंक) किंवा ओटीपी तुम्हीच दुसऱ्याला दिला असेल, तर पुढे काही गैरव्यवहार झाल्यास बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुम्हालाच सोसावा लागतो. आधीच कुणाला हे तपशील दिले असतील, तर आजच बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड तात्पुरते बंद करून नवे मागवा. अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला कळवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.